फरक शून्य, शेरा: जुळत नाही

हसुराम गोमा भोईर, वय सत्तावन्न, राहणार ओवे, यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गोदामाच्या वजनकाट्यावर. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. पत्र हातात पडल्यावर हसूकाकांनी पोहोच म्हणून सही केली आणि सहीखाली वेळ घातली. चोवीस वर्षं ते हाताखालून गेलेल्या प्रत्येक कागदावर वेळ घालत आले होते. स्वतःला चोर ठरवणाऱ्या कागदावरही त्यांनी ती घातली.

पत्रात लिहिलं होतं की आपल्या ताब्यातील काट्यावरील नोंदींत वारंवार तफावत आढळून आल्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत आपणांस कामापासून दूर ठेवण्यात येत आहे. सोबत पुरावा म्हणून कॉम्प्युटरचा रिपोर्ट जोडला होता. त्यातली पहिली ओळ मी जशीच्या तशी देते. पहिला लॉट १.१० टन. दुसरा लॉट २.२० टन. एकूण ३.३० टन. फरक ०.००. शेरा: जुळत नाही.

ही ओळ पुन्हा वाचा. घाई नाही. हसूकाकांना काढायची घाई होती, तुम्हाला नाही.

फरक शून्य आहे आणि जुळत नाही. चौथीतल्या मुलीने अशी वही आणली असती तर बाईंनी तिला बाकावर उभं केलं असतं. इथे या ओळीखाली तीन अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत, तिघेही पदवीधर, आणि एकाच्या सहीला तर इतका मोठा शेपटा आहे की तो फरकाच्या रकान्यावरूनच गेला आहे.

गोदामाचं नाव मी छापत नाही. छापलं की नोटीस येते, आणि आमच्या समितीकडे वकील अर्धाच आहे, उरलेला अर्धा तो एका बिल्डरकडे असतो. नाव बाजूला ठेवू. मला आधी माणूस सांगायचा आहे. पत्रकात माणूस मावत नाही. तिथे तो 'पीडित' होतो, आणि हा शब्द हसूकाकांना लावला असता तर त्यांनी मला काट्यावरून हाकलून दिलं असतं.

वजनकाटा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: ट्रक मावेल एवढा लांब लोखंडी पाट जमिनीत बसवलेला असतो, शेजारी एक खोली, खोलीला खिडकी. ट्रक आधी रिकामा चढतो, मग माल भरून चढतो, दोन वजनांतला फरक म्हणजे माल. खिडकीत बसणाऱ्याला काटेवाला म्हणतात. हसूकाका बुटके, रापलेले, चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली. तार इतकी नीट गुंडाळलेली की ती मूळचीच वाटे. त्यांचे वडील उरणच्या बाजूला मिठागरावर मीठ तोलायचे, आजोबाही तेच करायचे. म्हणजे तोलणं हे त्यांच्या घरात नोकरी म्हणून आलं नव्हतं, ते आधीपासूनच होतं.

खिडकीशेजारी एक खराटा टेकवलेला असे. गोदामाला पगारी झाडूवाला होता, तरी पहिली गाडी यायच्या आधी हसूकाका काट्याचा पाट स्वतः झाडत. मी एकदा विचारलं.

"तो झाडतो साहेबाला दिसायला," ते म्हणाले. "मी झाडतो काट्यासाठी. चार पाट्या चिखल म्हंजे चार पाट्या लोखंड, पावतीवर दोगांना एकच नाव असतं."

झाडून झालं की ते स्वतः पाटावर मधोमध उभे राहत आणि खिडकीतल्या आकड्याकडे मान वळवून बघत. हा काटा दहा-दहा किलोंनी मोजणारा. माणसासाठी तो नव्हेच.

"आज सत्तर," ते चहावाल्याला सांगत. "काल ऐंशी व्हतो. बायको उपाशी ठेवते म्हनून सांग गावात."

"काका, काटा बिघडलाय तुमचा."

"काटा नाय बिघडला. मी पंच्याहत्तर हाय. त्याला पंच्याहत्तर बोलताच येत नाय. मंग कंदी सत्तर बोलतो, कंदी ऐंशी. खोटं नाय बोलत तो, त्याच्याकडं शब्दच तेवढे."

चहावाला हसून पुढे जाई. मीही हसले होते. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांबद्दल मला जे काही कळायला हवं होतं ते सगळं त्या दोन वाक्यांत होतं, हे कळायला मला सहा महिने लागले आणि एका माणसाची नोकरी लागली.

त्यांचं आवडतं वाक्य एकच. कुणी 'बरोबर' म्हटलं की ते विचारत, "बरोबर म्हंजे किती बरोबर?" व्यापारी म्हणे, काका, वजन बरोबर ना. ते विचारत, किती बरोबर. ड्रायव्हर म्हणे, गाडी बरोबर लावली. किती बरोबर. त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरत होतं तेव्हा भटजी पत्रिका बघून म्हणाले, उत्तम जुळते.

"किती जुळते?"

"छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण."

"मंग ठीक हाय. छत्तीस आले असते तर मी नाय बोललो असतो."

भटजी चपापले. "अहो, छत्तीस म्हणजे भाग्यच की."

"एवढं तंतोतंत जुळतं ते कुनीतरी बसून जुळवलेलं असतं, गुरुजी."

लग्न झालं. ते जोडपं आज खांदेश्वरला राहतं आणि अठ्ठावीस गुणांइतकंच भांडतं.

आता त्यांच्यावर गोदामाचा आधीपासून राग का होता ते सांगते. वजनात खोट करायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे माणूस. भरलेली गाडी तोलताना क्लीनर आणि त्याचे दोन दोस्त केबिनमध्ये बसून राहिले की माल दीडदोनशे किलोंनी वाढतो. माल विकणाऱ्याचा फायदा, म्हणजे गोदामाचाच. सगळे काटेवाले अशा वेळी पावतीत डोकं घालून बसतात. हसूकाका खिडकीबाहेर डोकं काढत.

"खाली उतर."

"काका, ऊन बघा ना काय आहे."

"उनात उभा ऱ्हा. तुला लोखंडात नाय विकायचा."

एकदा गोदामाचा सुपरवायझर तिथेच होता. तो खिडकीला टेकून हळूच म्हणाला, "राहू दे ना काका. आपल्याच फायद्याचं आहे."

"आपल्या म्हंजे?"

क्लीनर उतरला, त्याचे दोस्त उतरले, आणि खरं वजन पावतीवर आलं. असं चोवीस वर्षं. एवढ्या वर्षांत हसूकाकांनी गोदामाचं जे नुकसान केलं त्याला साध्या भाषेत प्रामाणिकपणा म्हणतात.

माझा यात प्रवेश होतो तो अर्थातच पत्रक घेऊन. पनवेलमध्ये आमची एक ग्राहक-कामगार समिती आहे. सभासद अकरा, बैठकीला चार, चहा पाच. बाजाराचा एक जुना रिवाज आमच्या कानावर आला होता. एकाच मालाची वजनं दोनदा घेतली आणि त्यांत वीस किलोंपर्यंत फरक पडला तर तो धरायचा नाही. याला बाजारात 'माफी' म्हणतात. माफी हा शब्द ऐकल्याबरोबर आमच्या समितीच्या अंगात वारं शिरलं. मी वही घेऊन काट्यावर गेले.

"काका, ही वीस किलोंची माफी कुणाच्या खिशात जाते?"

"वीस किलो लोखंड मावेल असा खिसा दाखव, मंग सांगतो."

"मी गंभीरपणे विचारतेय."

"मी बी." त्यांनी मला स्टूल दिलं. "गाडी हितं उभी हाय ना, ती उभ्या उभ्या बी डिझेल पिते. टायरला चिखल लागतो, गळून पडतो. वारा सुटला की ताडपत्री फुगते, काटा हलतो. दोन वेळा तोललं की दोन वजनं येनार. माफी चोराला नाय पोरी, वाऱ्याला हाय. चोराला पकडायला मी हाय ना हितं."

मी सगळं लिहून घेतलं आणि त्यातलं एकही वाक्य वापरलं नाही. पत्रक असं निघालं: वीस किलोंची लूट थांबवा. शून्य फरक हाच न्याय. खाली काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत 'शून्य' एवढंच. मला ते फार आवडलं होतं. पहिली प्रत हसूकाकांनाच दिली. त्यांनी उभं राहून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

"छपाई चांगली हाय," ते म्हणाले.

"आणि मजकूर?"

"शून्य म्हंजे किती शून्य, ते नाय लिवलं."

हे वाक्य मी त्या वेळी 'जुन्या व्यवस्थेचं समर्थन' या सदरात टाकलं आणि विसरून गेले.

आमच्या समितीने आजवर त्या बाजाराकडे पिण्याचं पाणी मागितलं, हमालांसाठी सावली मागितली, बायकांसाठी संडास मागितला. काही मिळालं नाही. 'शून्य फरक' मात्र पंधरा दिवसांत मिळाला. त्याला खर्च नव्हता ना. गोदामाने समारंभ केला, फलक लावला, व्यवस्थापकांनी पारदर्शकतेवर भाषण केलं, आणि मला स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ दिला. मी तो घेतला. हे लिहिणं मला भाग आहे.

दुसऱ्या दिवशी गोदामाचा प्रोग्राम बदलला. तो सांभाळायला निखिल नावाचा तिशीतला माणूस होता, खारघरला एकविसाव्या मजल्यावर राहणारा, सभ्य, घाईत असलेला. काय बदललं ते नीट समजून घ्या, सगळी गोम तिथे आहे. कधीकधी एकाच गाडीत दोन गिऱ्हाइकांचा माल जातो. ती गाडी तीनदा तोलतात: रिकामी, पहिला लॉट भरल्यावर, दुसरा भरल्यावर. त्यातून पहिल्या लॉटचं वजन निघतं, दुसऱ्याचं निघतं आणि एकूण निघतं. पहिला आणि दुसरा मिळून एकूण व्हायला हवं. तिन्ही वेळा काटा तोच, आकडे तेच, त्यामुळे कागदावर ही बेरीज चुकूच शकत नाही. पूर्वी प्रोग्राम ही बेरीज तपासताना बाजाराच्या रिवाजाप्रमाणे वीस किलोंची माफी धरायचा. निखिलने माफी पुसली आणि लिहिलं: बेरीज आणि एकूण हे दोन आकडे तंतोतंत समान असतील तरच 'जुळते', नाहीतर लाल ओळ.

एका ओळीचा बदल. जेवणाच्या सुट्टीआधी झाला.

आणि लाल ओळी यायला लागल्या. पहिल्या दिवशी दोन, मग रोज तीन-चार. प्रत्येक लाल ओळीखाली काटेवाला म्हणून एकच नाव. सुपरवायझर येऊन बघे, मान हलवी, आणि ज्या माणसाने चोवीस वर्षं त्याच्या क्लीनरांना उन्हात उभं केलं त्याच्याकडे नव्या आदराने बघे. चोराला मिळतो तो आदर.

हसूकाकांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ ओढली आणि एकीकडे सुटलेल्या गाड्या, दुसरीकडे अडकलेल्या, असं मांडायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी ते पान घेऊन सुपरवायझरकडे गेले.

"हे बघा. दीड टन, अडीच टन, सव्वादोन, पावनेचार. अशा गाड्यांतली एक बी अडकली नाय. अडकतात त्या एक पूर्नांक एक, दोन पूर्नांक दोनवाल्या. सगळ्या नाय, पन अडकलेली त्यातलीच असते."

"मग?"

"मंग मशीनला पावकी-निमकी येते. दशांश येत नाय."

सुपरवायझरने हा विनोद कँटीनमध्ये तीन दिवस सांगितला. काका म्हणतात कॉम्प्युटरला दशांश येत नाही. लोक वडापाव बाजूला ठेवून हसले. चौथ्या दिवशी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, पत्र आलं.

संध्याकाळी मी ओव्याला गेले. काकू दारातच होत्या, आत या म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. गावात पोहोचायला बातमीला बस लागत नाही. हसूकाका ओट्यावर बसले होते.

"चौकशीला बरोबर माणूस आनायला परवानगी हाय," ते म्हणाले. "तू ये."

"येते. मी त्यांना सोडणार नाही."

"त्यांना सोडायचं राहू दे. तू ये, कारन तुझं बी हाय त्याच्यात."

ते रागाने म्हणाले नव्हते. वजन सांगावं तसं म्हणाले.

चौकशी व्यवस्थापकांच्या खोलीत झाली. एसी, काचेचं टेबल, क्रीमची बिस्किटं. टेबलापलीकडे व्यवस्थापक आणि लॅपटॉप घेऊन निखिल. अलीकडे हसूकाका, मी, आणि काकांच्या पायाशी एक जड कापडी पिशवी.

"भोईर, स्पष्ट विचारतो," व्यवस्थापक म्हणाले. "फरक कुठे गेला?"

"कंचा फरक, साहेब?"

"रिपोर्टात आहे तो."

"रिपोर्टात फरक शून्य हाय."

"शेरा वाचा."

"शेरा वाचला मी. आता तुमी फरक वाचा."

व्यवस्थापकांनी वाचला. मग रिपोर्ट उलटा करून बघितला, फरक मागच्या बाजूला असेल तर. "सिस्टीम उगाच लाल करणार नाही," ते शेवटी म्हणाले. मोठ्या पगारावर माणसं हे वाक्य म्हणण्यासाठीच ठेवतात.

हसूकाकांनी पिशवी उघडली आणि काचेच्या टेबलावर एकेक वजन मांडायला घेतलं. मिठागरावरची, आजोबांची वजनं. शेर. त्याच्या निम्मं, अच्छेर. त्याच्या निम्मं, पावशेर. मग अदपाव, मग छटाक, मग अर्धी छटाक, आणि पुढे प्रत्येक आधीच्याच्या निम्मं, शेवटचं तर हरभऱ्याएवढं. काच कुरकुरली.

"हे काय आहे?"

"पुरावा." ते निखिलकडे वळले. "बाला, ही वजनं बघ. ह्याच्यातून मला शेराचा धावा भाग, दहातला एक, काढून दे."

निखिल हसला. मग त्याने बोटांवर हिशेब केला. छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग, ती वेगळी काढली. कमी. अर्धी छटाक घातली. अजून कमी. पाव छटाक घातली. जास्त झालं. ती काढून त्याहून बारीक घातली, तरी जास्त. त्याहून बारीक घातली, कमी. त्याचं हसू इथे कुठेतरी थांबलं.

"याहून बारीक वजन लागेल," तो म्हणाला.

"देतो. त्याच्या निम्मं देतो. मंग त्याच्या निम्मं. किती देऊ, म्हंजे पुरा धावा भाग भरंल?"

निखिलने हातातलं वजन खाली ठेवलं. "कितीही दिलीत तरी भरणार नाही, काका," तो म्हणाला. "जवळ जाईल. भरणार नाही."

"तुझ्या मशीनच्या आत कंची वजनं हायेत?"

निखिलने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, दोन मिनिटं काहीतरी केलं आणि पडदा व्यवस्थापकांकडे फिरवला. एक पूर्णांक एक आणि दोन पूर्णांक दोन यांची बेरीज, या वेळी दोन आकड्यांवर न तोडता, पूर्ण. ३.३००००००००००००००३. मधे चौदा शून्यं आणि टोकाला एक तीन.

हे कसं होतं ते मी नंतर त्याच्याकडूनच समजून घेतलं आणि इथे माझ्या भाषेत सांगते. कॉम्प्युटरच्या आत अपूर्णांक असतो तो या मिठागरावरच्या वजनांसारखा: अर्धा, पाव, अर्धपाव, असं निम्मं-निम्मं करत गेलेल्या तुकड्यांची बेरीज. अर्धा-पाऊण त्यात चोख बसतात. एक दशांश बसत नाही, कितीही बारीक तुकडे घातले तरी. मग मशीन जमेल तितक्या जवळचा आकडा ठेवतं आणि दाखवताना आपल्याला १.१ दाखवतं. असे दोन जवळपासचे आकडे मिळवले की बेरीज कधी नेमकी पडते, कधी केसभर बाजूला. केसभर म्हणजे तरी किती? मुंगीच्या पायाला लागलेली धूळ त्याहून जड भरेल. तेवढ्यासाठी प्रोग्राम म्हणतो, समान नाही. आणि तो खरं बोलतो. त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं त्याने. मूर्ख प्रश्न माणसाने विचारला होता.

"आनि टनात कशाला मोजता?" हसूकाका म्हणाले. "किलोत मोजा. अकराशे आनि बावीसशे, तेहतीसशे. दशांश नाय, लफडं नाय."

निखिलने मान डोलावली. खाली बघत.

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं. "हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"पहिल्या वर्षाला शिकवतात, ताई," तो म्हणाला. "दशांशातले दोन आकडे समान आहेत का असं कधी विचारायचं नाही. त्यांच्यातला फरक ठरवलेल्या मर्यादेत आहे का, असं विचारायचं. मला सगळं माहीत होतं. पण कामाच्या कागदावर 'शून्य फरक' लिहिलं होतं."

"कुणी लिहिलं होतं?"

त्याने फोनवर तो कागद काढून दाखवला. वर गोदामाचा शिक्का होता. खाली संदर्भ म्हणून माझं पत्रक जोडलं होतं. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं.

पुढे काय झालं ते ऐका. प्रोग्राम आठवड्यात दुरुस्त झाला. बेरीज किलोत घेतली, वर थोडी माफीही परत आणली. तिला आता 'सहनमर्यादा' म्हणतात, आणि ती आणल्याबद्दल पेढे वाटले गेले. लाल ओळी बंद झाल्या. पत्र मात्र तसंच राहिलं. का, तर व्यवस्थापकांच्या शब्दांत, "पत्र दिलं त्या दिवशी सिस्टीम त्या दिवशीच्या नियमाप्रमाणे बरोबर होती." म्हणजे चूक दुरुस्त झाली, पण चूक झालीच नव्हती. मशीन निर्दोष, निखिल निर्दोष, व्यवस्थापक तर जन्मतःच निर्दोष. दोष कुठेतरी जमा करावा लागतो, तो भोईरांच्या नावावर आधीच होता, तिथेच राहू दिला.

त्यांनी हसूकाकांना बोलावून तोडगा दिला. उद्यापासून कामावर या, कुणी काही विचारणार नाही, फक्त या एका ओळीवर सही करा: नोंदी करताना माझ्याकडून अनवधानाने चूक झाली.

हसूकाकांनी ओळ वाचली. "चूक झाली नाय, साहेब. मंग अनवधानानं कशी करू?"

"अहो, औपचारिकता आहे. शब्दच तर आहेत."

"शब्दच हायेत ना? मंग तुमी लिवा. 'तफावत नव्हती.' दोनच शब्द. माझ्यापेक्षा तुमचे कमी."

व्यवस्थापकांनी वजनांनी टेबलाच्या काचेवर पडलेला ओरखडा नखाने घासून पाहिला. ते दोन शब्द लिहिले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की मग पत्र कुणी काढलं. हसूकाकांनी सही न करता कागद परत सरकवला, आणि चोवीस वर्षांची नोकरी त्या दोन शब्दांवर सोडून ते खाली उतरले. काट्यावर नवा माणूस बसला होता. क्लीनर केबिनमध्ये सावलीत होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. त्यांच्या गावात एक रिवाज आहे. पाऊस यायच्या आधी गावतळ्याचं पाणी तळाला जातं, तेव्हा सगळा गाव मिळून मासे धरतो आणि घरटी एक असे वाटे घालतो. काठावर केळीची पानं मांडायची आणि मासळी हाताने सारखी टाकत जायची. वाटे झाले की एकाने पाठ करून उभं राहायचं आणि दुसरा वाट्यावर बोट ठेवील तेव्हा घराचं नाव घ्यायचं. वाटे घालायचं काम गेली कित्येक वर्षं हसूकाकांचं. काटा नाही, मोजणं नाही, नुसती नजर. कुणाला दोन मुठी जास्त गेल्या, कुणाला कमी, कुणी कधी बोललं नाही.

त्या सकाळी मी पोहोचले तेव्हा ते लेंगा वर खोवून पानं मांडत होते. चिवणी आणि कोळंबीचा ढीग पडला होता. त्यांनी पहिली मूठ उचलली, तेवढ्यात पंचांपैकी एकाने पिशवीतून किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा काढला.

"हसूदादा, तुमच्यावर विसवास हाय," तो म्हणाला. "पन लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"त्या पत्राचं."

हसूकाकांनी मुठीतली मासळी परत ढिगावर ठेवली, तळ्याच्या उरल्या पाण्यात हात धुतले आणि चिंचेखाली जाऊन उभे राहिले. काटा चिखलात वाकडा बसत होता. दर वेळी वेगळा आकडा दाखवत होता. एक वाटा पाच ग्रॅम जास्त म्हणून दोन कोळंब्या काढायच्या, मग कमी म्हणून एक घालायची. जे अर्ध्या तासात व्हायचं त्याला दुपार झाली. मासळी उन्हात नरम पडली. दोन घरांत तळ्यावर पहिल्यांदाच भांडण झालं, दहा ग्रॅमवरून. भोईरांचं नाव आलं तेव्हा काकू टोपली घेऊन पुढे गेल्या. काका जागचे हलले नाहीत. हात पाठीमागे बांधून ते त्या वाकड्या काट्याकडे बघत होते, आणि एकदाही त्याला सरळ करायला पुढे आले नाहीत.

मला बघून एवढंच म्हणाले, "तू जा पोरी. ऊन वाढतंय."

जूनमध्ये ते लेकीकडे चिरनेरला राहायला गेले. ओव्याचं घर बंद आहे. माझं पत्रक मी लेखी मागे घेतलं. गोदामाने त्यांचं पत्र अजून मागे घेतलेलं नाही.

आता तुमचं काम. पनवेलच्या आसपास घर बांधणारे, गाळा वाढवणारे, गच्चीवर पत्रा टाकणारे तुम्ही सगळे सळई आणायला कळंबोलीलाच जाणार आहात. गोदामाचं नाव मी छापलं नाही, पण मला विचारा, तोंडी सांगते. तिथे जा. गाडी काट्यावर चढवायच्या आधी व्यवस्थापकांच्या खोलीत जा आणि म्हणा, हसुराम गोमा भोईर यांच्या नोंदींत तफावत नव्हती असं लिहून, सही करून, ओव्याच्या चावडीवर लावा, मग माझी गाडी भरा. त्यांनी नाही म्हटलं तर वाद घालू नका. रिकामी गाडी घेऊन परत या.